‘आक्षेपार्ह’ म्हणजे नेमके काय? : ‘कलम ६६ अ’चा जन्म, वापर आणि अंत

१८ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईत शिवाजी पार्कवर शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार होत होते. मुंबई आणि आसपासच्या परिसरातील सारे व्यवहार बंद होते. त्या दिवशी पालघरमधील एका तरुणीने या बंदविषयीचे आपले मत फेसबुकवर नोंदवले. शहर बंद राहिले ते आदरापोटी नव्हे, तर भीतीपोटी, असा त्याचा आशय होता. तिच्या एका मैत्रिणीने तो मजकूर आपल्याला आवडल्याचे कळ दाबून दर्शवले. काही वेळातच पोलीस ठाण्यासमोर जमाव गोळा झाला. तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली आणि पोलिसांनी दोघींनाही अटक केली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्यांची जामिनावर सुटका केली.

या दोघींवर लावलेल्या कलमांमध्ये एक कलम तोपर्यंत सर्वसामान्यांच्या फारसे ऐकिवात नव्हते. ते होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ. महाजालावर राजकारण, चित्रपट, क्रिकेट वा समाजातील एखाद्या घटनेवर मत मांडणाऱ्या कोणाही नागरिकाला या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत होता. २००९ मध्ये अमलात आलेले हे कलम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केले. मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे देशातील पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. कायद्यातील शब्द मोघम असले की त्यांचा अर्थ कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घेण्यासाठी या कलमाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

मूळ कायदा आणि त्यातील बदल

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला, तेव्हा त्याचा मुख्य हेतू व्यापारविषयक होता. संगणकीय नोंदी व स्वाक्षऱ्या यांना कायदेशीर मान्यता देणे आणि इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना आधार मिळवून देणे हे त्याचे काम होते. गुन्ह्यांसंबंधीची कलमे मोजकीच होती. संगणकप्रणालीत घुसखोरी करणे आणि अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे हे त्यांतील प्रमुख गुन्हे होते.

पुढील काही वर्षांत महाजालाचा वापर वाढला आणि या कायद्यातील उणिवा दिसू लागल्या. डिसेंबर २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली आणि त्याबद्दल संकेतस्थळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला दिल्लीत अटक झाली. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळचालकाला कितपत जबाबदार धरावे, हा प्रश्न त्यातून पुढे आला. कायद्यात सुधारणा करणारे विधेयक २००६ मध्ये संसदेत मांडले गेले. ते मंजूर झाले ते मात्र मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर महिन्याभरातच, २२ आणि २३ डिसेंबर २००८ रोजी. लोकसभेत त्यावर चर्चा झालीच नाही. २७ ऑक्टोबर २००९ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि त्यासोबत कलम ६६ अ अस्तित्वात आले.

या कलमाचे मूळ ब्रिटनमध्ये सापडते. तेथे १९३५ मध्ये टपाल खात्याच्या कायद्यात दुरुस्ती करून दूरध्वनीवरून अतिशय आक्षेपार्ह, अश्लील वा धमकीवजा संदेश देणे गुन्हा ठरवण्यात आले होते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला दूरध्वनीवरून दिलेल्या त्रासाला आळा घालणे हे त्या तरतुदीचे उद्दिष्ट होते. तिचीच शब्दयोजना पुढे ब्रिटनच्या २००३ च्या दळणवळण कायद्यात उतरली आणि तेथून भारतीय कलमात आली. दोन व्यक्तींमधील खासगी संदेशासाठी बेतलेले शब्द अशा रीतीने हजारो लोकांसमोर जाहीरपणे मांडलेल्या मतांना लागू झाले.

कलमातील शब्द

कलम ६६ अ चे तीन भाग होते. पहिल्या भागानुसार संगणक वा अन्य संपर्कसाधनाद्वारे ‘अतिशय आक्षेपार्ह’ किंवा धमकीवजा स्वरूपाची माहिती पाठवणे हा गुन्हा होता. खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, वैर, द्वेष वा दुर्भावना निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवणे हा दुसऱ्या भागातील गुन्हा होता. तिसरा भाग त्रासदायक आणि पाठवणाऱ्याचा खरा ठावठिकाणा लपवणाऱ्या ई-मेलविषयी होता. टपालपेटी भरून टाकणाऱ्या नकोशा ई-मेलना रोखणे हा हेतू या भागामागे होता.

यांपैकी बहुतेक शब्दांची व्याख्या कायद्यात कोठेही नव्हती. ‘त्रास’ म्हणजे किती त्रास, ‘गैरसोय’ कोणाची आणि ‘अतिशय आक्षेपार्ह’ ठरवण्याचा निकष कोणता, हे सारे तक्रार नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून होते. शिवाय हा गुन्हा जामीनपात्र असला तरी दखलपात्र होता. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत होते. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय दंड विधानानुसार बदनामीच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची साधी कैद होती आणि तो अदखलपात्र होता. एखाद्या पुढाऱ्याची बदनामी करणारा मजकूर वृत्तपत्रात छापून आला, तर त्या पुढाऱ्याला स्वतः न्यायालयात जाऊन फिर्याद द्यावी लागे. त्याहून सौम्य मजकूर फेसबुकवर आला, तर मात्र त्रयस्थाच्या तक्रारीवरूनही पोलीस लिहिणाऱ्याच्या दारात उभे राहू शकत होते.

२०१२ चे वर्ष

महाजालावरील मजकुरावरून अटक होण्याचे प्रकार या कलमाच्या आधीही घडले होते. ऑगस्ट २००७ मध्ये ‘ऑर्कुट’वरील छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या बदनामीकारक मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळूरूमधील एका संगणक अभियंत्याला अटक केली. मजकूर ज्या संगणकीय पत्त्यावरून आला तो पत्ता त्याचा नव्हताच. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने पोलिसांना चुकीची माहिती दिली होती. हे उघड होऊन सुटका होईपर्यंत त्याला ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. तंत्रज्ञानाची पुरेशी जाण नसताना आणि दबावाखाली तपास झाला तर काय होऊ शकते, याचा तो इशारा होता.

कलम ६६ अ हाती आल्यावर अशा कारवाया सोप्या झाल्या. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या मुलांच्या लाडक्या चित्रपटाचा आधार घेऊन त्यात रेल्वेमंत्री बदलण्याच्या राजकारणावर विनोद केलेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. सप्टेंबरमध्ये कानपूरचे व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर या कलमाबरोबर राजद्रोहाचेही कलम लावण्यात आले. देशभर टीका झाल्यावर ऑक्टोबरमध्ये राजद्रोहाचा आरोप मागे घेतला गेला. त्याच महिन्यात पुदुच्चेरीत एका व्यावसायिकाला तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या मुलाविषयी ट्विटरवर केलेल्या शेऱ्यावरून पकडण्यात आले. आणि नोव्हेंबरमध्ये पालघरची घटना घडली.

ऑगस्ट २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे दलित लेखक कंवल भारती यांना राज्य सरकारवर टीका करणाऱ्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. मार्च २०१५ मध्ये त्याच राज्यातील बरेलीत अकरावीच्या एका विद्यार्थ्याला एका मंत्र्याच्या नावे मजकूर टाकल्याबद्दल कोठडीत जावे लागले. या साऱ्या प्रकरणांत राज्ये वेगवेगळी होती आणि त्यांतील सत्ताधारी पक्षही वेगवेगळे होते. बहुतेक प्रकरणांत समान होती ती एकच गोष्ट. ज्याच्यावर टीका झाली तो सत्तेच्या जवळ होता आणि ज्याने ती केली तो सामान्य नागरिक होता.

न्यायालयातील लढा

पालघरच्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई केली आणि दोघी तरुणींवरील प्रकरण पुढे बंद करण्यात आले. परंतु कलम कायद्यात कायमच होते. नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस दिल्लीतील श्रेया सिंघल या कायद्याच्या तरुण विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करून या कलमाच्या घटनात्मक वैधतेला आव्हान दिले. कॉमन कॉज, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अर्थात पीयूसीएल, तसेच माउथशट डॉट कॉम हे ग्राहकांच्या अभिप्रायांचे संकेतस्थळ यांच्याही याचिका त्यासोबत जोडल्या गेल्या.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सूचना दिली की, महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यात उपायुक्त वा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय या कलमाखाली अटक करू नये. मे २०१३ मध्ये न्यायालयाने या सूचनेचे पालन करण्यास राज्यांना बजावले. तथापि रामपूर आणि बरेलीच्या अटका या सूचनेनंतरच्या आहेत. परवानगीची पायरी वाढली तरी ‘आक्षेपार्ह’ या शब्दाचा अर्थ जितका मोघम होता तितकाच राहिला.

२४ मार्च २०१५ चा निकाल

न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम संपूर्णपणे रद्द केले. निकालपत्र न्या. नरिमन यांनी लिहिले. त्यातील मुख्य मुद्दे असे आहेत.

पहिला मुद्दा राज्यघटनेच्या चौकटीचा. अनुच्छेद १९(१)(अ) नुसार मिळालेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर केवळ अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या आठ कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी ही ती आठ कारणे होत. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ यांचा त्यात समावेश नाही.

दुसरा मुद्दा मत आणि चिथावणी यांतील फरकाचा. एखाद्या विषयाची चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि एखाद्या कृत्यास चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या, तरी त्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्याशी आहेत. कायद्याला हस्तक्षेप करता येतो तो तिसऱ्या टप्प्यावर. कलम ६६ अ हा भेद करतच नव्हते.

तिसरा मुद्दा मोघमपणाचा. त्यासाठी न्यायालयाने ब्रिटनमधील एका खटल्याचा दाखला दिला. तेथील एका खासदाराच्या कार्यालयात दूरध्वनी करून वापरलेले शब्द ‘अतिशय आक्षेपार्ह’ नाहीत, असे कनिष्ठ न्यायालयाने आणि त्यानंतर वरिष्ठ न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी म्हटले होते. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने मात्र तेच शब्द अतिशय आक्षेपार्ह ठरवले. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचेच जिथे एकमत होत नाही, तिथे सामान्य नागरिकाने आपला मजकूर कायद्यात बसतो की नाही हे कसे ओळखावे आणि पोलिसांनी तरी कशाच्या आधारे ठरवावे, असा न्यायालयाचा सवाल होता. अशा परिस्थितीत माणूस अटकेच्या धास्तीने निरुपद्रवी बोलणेही टाळू लागतो, हा परिणामही न्यायालयाने विचारात घेतला.

कलमाचा दुरुपयोग होऊ दिला जाणार नाही, अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती. ती न्यायालयाने स्वीकारली नाही. सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र राहते. एका सरकारने दिलेले आश्वासन पुढच्या सरकारला बांधून ठेवत नाही, असा तो युक्तिवाद होता.

याच निकालात केरळ पोलीस कायद्यातील कलम ११८(ड) ही तशीच तरतूद रद्द झाली. दुसरीकडे, संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९ अ कायम ठेवण्यात आले. त्यात लेखी कारणे आणि सुनावणीची तरतूद आहे, हे न्यायालयाने ग्राह्य धरले. संकेतस्थळचालकांविषयीच्या कलम ७९ चा अर्थही न्यायालयाने मर्यादित केला. कोणीही तक्रार केली म्हणून मजकूर काढण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. न्यायालयाचा आदेश वा सरकारची अधिसूचना आल्यावर ते लागू होते.

रद्द झालेले कलम जिवंत कसे राहिले?

निकालाने कलम संपले. त्याचा वापर मात्र संपला नाही. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे २०१८ पासून अभ्यासकांनी आणि नागरी हक्क संघटनांनी दाखवून दिले. पीयूसीएलच्या अर्जावर फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना आणि राज्यांच्या माध्यमातून पोलीस महासंचालकांना पाठवण्याचा आदेश दिला. तरीही जुलै २०२१ मध्ये पीयूसीएलने न्यायालयापुढे ठेवलेली आकडेवारी धक्कादायक होती. ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांच्या नोंदींनुसार निकालानंतर या कलमाखाली १,३०७ नवे खटले दाखल झाले होते आणि ७४५ खटले प्रलंबित होते. नव्या खटल्यांत महाराष्ट्र ३८१ प्रकरणांसह पहिल्या क्रमांकावर होता. ही परिस्थिती क्लेशदायक असल्याचे खुद्द न्या. नरिमन यांनी सुनावणीत बोलून दाखवले.

यामागील एक कारण अगदी साधे होते. न्यायालयाने एखादे कलम रद्द केले, तरी संसद ते वगळत नाही तोवर कायद्याच्या छापील पुस्तकात ते दिसत राहते. रद्द झाल्याचा उल्लेख असतो तो तळटीपेत. ही बाब तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनीच न्यायालयाच्या निदर्शनास आणली. पुस्तक चाळून कलम लावणाऱ्या ठाणे अंमलदाराची नजर तळटीपेपर्यंत पोहोचतेच असे नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना या कलमाखाली गुन्हे न नोंदवण्याच्या सूचना दिल्या. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही, असे पुन्हा स्पष्ट केले आणि प्रलंबित प्रकरणांतून ते वगळण्याचे निर्देश दिले. कोलकात्याच्या प्राध्यापक महापात्र यांची आरोपांतून मुक्तता झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याचे प्रकरण जवळपास ११ वर्षे चालले होते.

सध्याची कायदेशीर स्थिती

कलम ६६ अ गेले याचा अर्थ महाजालावर काहीही लिहिण्याची मुभा मिळाली, असा नव्हे. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतील अनेक कलमे तेथेही लागू होतात. समाजगटांत तेढ निर्माण करणे (कलम १९६), धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (कलम २९९), सार्वजनिक उपद्रवास कारण ठरणारी विधाने (कलम ३५३) आणि बदनामी (कलम ३५६) ही त्यांतील प्रमुख होत. राजद्रोहाचे जुने कलम गेले, पण देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशांचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुसऱ्याची ओळख चोरणे, खासगीपणाचा भंग आणि अश्लील मजकूर यांविषयीच्या तरतुदीही कायम आहेत. यांतील कलमांचा आधार घेऊनही अटका होऊ शकतात. मे २०२२ मध्ये मराठी अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवार यांच्यासंबंधी फेसबुकवर टाकलेल्या काव्यात्मक मजकुरावरून अटक झाली आणि त्यांना महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले, तेव्हा कलम ६६ अ रद्द होऊन सात वर्षे उलटली होती.

नागरिकाच्या बाजूनेही काही आधार आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आपोआप अटक करू नये, अटकेची कारणे नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये अर्णेशकुमार खटल्यात सांगितले आहे. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे. २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील गुन्हा रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने, बोलण्या-लिहिण्यासंबंधीच्या अशा प्रकरणांत ही चौकशी करणे उचित ठरेल, असे नमूद केले. शब्दांचा परिणाम कमकुवत मनाच्या व्यक्तीच्या नव्हे, तर विवेकी आणि खंबीर मनाच्या व्यक्तीच्या कसोटीवर जोखावा, हे तत्त्वही त्यात अधोरेखित झाले. हे तत्त्व नवे नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते स्वातंत्र्यापूर्वीच मांडले होते.

मोघम शब्दांचा प्रश्न मात्र नव्या रूपात परत येत राहतो. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा ‘बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा’ मजकूर हुडकण्यासाठी सरकारी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद करणारा नियम २०२३ मध्ये आला. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या मतानंतर तो नियम रद्द झाला. ‘दिशाभूल’ या शब्दाची व्याख्या नसणे, हा तेथेही आक्षेपाचा मुद्दा होता.

द्वेष पसरवणाऱ्या, धमकावणाऱ्या वा बदनामी करणाऱ्या मजकुराला कायद्याने आवर घालणे आवश्यकच आहे आणि त्यासाठी कलमे उपलब्ध आहेत. ती किती नेमकेपणाने लिहिली जातात आणि किती जबाबदारीने वापरली जातात, यावर सारे अवलंबून राहते. पालघरमध्ये फेसबुकवरील त्या मजकुराने कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले नव्हते. मोडतोड झाली ती एका रुग्णालयाची आणि ती करणारा जमाव होता. कायद्यातील शब्द इतके सैल होते की, त्या रात्री अटकेसाठी पोलीस आधी वळले ते लिहिणारीकडे.